हवाच नाही, मग सुकाणू कशाला?

गेल्या दिवाळीत काका घरी आले, माझ्या टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, खाली पायमशीन दिसतंय, वरचं मशीन कुठंय?" टेबलाखाली रडर पेडलं होती, म्हणजे विमानाचं सुकाणू (रडर) पायानं फिरवायची साधनं. दोन पावलांसाठी दोन पाट्या. एक पुढे ढकलली की दुसरी मागे येते. वर टेबलावर जॉयस्टिक आणि थ्रॉटल, म्हणजे दिशेचा दांडा आणि वेगाचा दांडा. हे सगळं अंतराळयान उडवायच्या खेळासाठी आहे, असं सांगितल्यावर काकांनी दुसरा प्रश्न विचारला आणि तो मात्र मला टोचला. "अंतराळात हवा नसते ना? मग तुझं सुकाणू अडणार कशाला?"

कशालाच नाही. अंतराळात रडर निरुपयोगी आहे. तरी पेडलं उपयोगी आहेत. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजलं की ती घ्यायची का, आणि घेतली तर पायांना काम कोणतं द्यायचं, हे आपलं आपण ठरवता येतं.

सुरुवात विमानापासून करू. विमान वळतं ते मुख्यतः कलून. डावीकडे जायचं तर डावा पंख खाली, उजवा वर. पंखांचा उचलणारा जोर तिरका होतो आणि विमानाला डावीकडे ओढतो. पण वर जाणारा पंख जास्त उचलतो म्हणून वर जातो, आणि त्यापायी हवेचा अडथळाही जास्त सोसतो. परिणामी विमान डावीकडे कलायला लागलं की नाक उलट उजवीकडे खेचलं जातं. राइट बंधूंना हा त्रास १९०२ च्या ग्लायडरवर झाला. आधी शेपटीला स्थिर उभे पडदे होते. मग त्यांनी ते काढून हलणारं सुकाणू लावलं आणि पंख पिळणाऱ्या यंत्रणेलाच जोडून टाकलं. १९०५ पर्यंत सुकाणूला स्वतंत्र दांडा मिळाला. ते काम पायांकडे सोपवण्याची रीत युरोपातल्या विमानांत रुळली. १९०९ साली फ्रेंच वैमानिक ब्लेरिओ ज्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला, त्यात हाताशी उभा दांडा आणि पायाशी आडवी दांडी होती. आजची मांडणी जवळजवळ तीच आहे.

म्हणजे पेडलांचं मूळ काम वळवणं नव्हेच. वळताना भरकटणारं नाक जागेवर ठेवणं, हे ते काम. हवा नसेल तर नाक भरकटणार नाही, आणि पेडलांचं कामही उरणार नाही. काकांचा मुद्दा इथवर बिनतोड आहे.

आता यानाकडे येऊ. अवकाशातलं यान सहा प्रकारे हलू शकतं. त्यातले तीन प्रकार फिरण्याचे, आणि ते समजायला आपल्यासारखं नशीबवान कोणी नाही, कारण आपण ते मानेनं रोज करतो. "हो" म्हणताना मान खालीवर होते, तो पिच. "नाही" म्हणताना डावी-उजवीकडे फिरते, तो यॉ. आणि "बरं, बघू" म्हणताना डोकं खांद्यांकडे डुलतं, जे परदेशी पाहुण्यांना कधीच उमगत नाही, तो रोल. उरलेले तीन प्रकार सरकण्याचे: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली. वर-खाली म्हणजे लिफ्ट. डावी-उजवीकडे म्हणजे लोकलच्या दारात तोंड फलाटाकडेच ठेवून बाजूच्या माणसाला वाट करून देणं. तोंड वळत नाही, माणूस सरकतो.

सहा हालचाली आणि हात दोन. साध्या जॉयस्टिकला दोनच अक्ष असतात, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. दांडाच मनगटानं पिळता येत असेल तर तिसरा. थ्रॉटलचा चौथा. बाकीचे कुठेतरी बटणावर किंवा अंगठ्याखालच्या छोट्या घुंडीवर कोंबावे लागतात. बटणाची अडचण अशी, की ते चालू असतं किंवा बंद. "थोडंसं" त्याला कळत नाही. यान धक्क्यावर उतरवताना सगळा खेळ त्या थोडंशाचा असतो. आणि या सगळ्या धांदलीत दोन पाय टेबलाखाली नुसते बसलेले असतात.

पेडलांची अंतराळातली गरज एवढीच. यूएसबीतून संगणकाकडे जातो तो फक्त एक आकडा: डावीकडे किती, उजवीकडे किती. त्या आकड्यानं सुकाणू हलवायचं की थ्रस्टर, म्हणजे यानाला ढकलणारं छोटं रॉकेट, पेटवायचा, हे खेळ ठरवतो.

मग खऱ्या अंतराळवीरांनी पाय का वापरले नाहीत? हा प्रश्न मला फार आवडतो. अमेरिकेच्या मर्क्युरी यानात उजव्या हाताशी एकच मूठ होती, तिलाच तिन्ही फिरण्यांचं काम. यॉसाठी ती पिळायची. अपोलोत डाव्या हाताची मूठ सरकण्यासाठी आणि उजव्या हाताची फिरण्यासाठी. सोयूझमध्येही वाटणी तीच. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सोयूझ टी-११ मधून गेले, ते त्याच घराण्यातलं यान. माणूस जाड पोशाखात, पट्ट्यांनी बांधलेला, गुडघे वर करून जवळपास पाठीवर झोपलेला. त्याला पेडल द्यायचं तरी कुठे! स्पेस शटलला मात्र पेडलं होती, कारण ते परतताना विमान व्हायचं. कक्षेत असताना वैमानिक हातातली मूठ तिन्ही दिशांना फिरवत. पेडलांचा खरा उपयोग हवा दाट झाल्यावर आणि धावपट्टीवर, पुढचं चाक वळवायला आणि ब्रेक लावायला. एक्स-१५ या रॉकेट विमानात तर तीन दांडे होते. मधला आणि उजवा हवेतल्या उड्डाणासाठी, डावा हवा संपल्यावर थ्रस्टर चालवण्यासाठी. शिवाय पायाशी पेडलं. एकाच उड्डाणात माणूस दोन वेगळी वाहनं चालवत होता.

आज जे खेळाडू दोन हातांत दोन जॉयस्टिक घेऊन बसतात, डावीनं सरकायचं आणि उजवीनं फिरायचं, त्यांनी नकळत अपोलोचीच मांडणी पुन्हा उभी केली आहे. दोन्ही दांडे पिळता येत असतील तर तीन आणि तीन, सहा अक्ष झाले. म्हणून माझं स्पष्ट मत: खिशात एकाच वस्तूचे पैसे असतील, तर आधी दुसरी जॉयस्टिक घ्या, पेडलं नंतर. विमानांच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवायच्या खेळात, हा सल्ला उलटा होईल, तिथे पेडलं आधी. इथे नाही.

तरीही मी पेडलं घेतली, कारण माझं मनगट. दांडा मागे ओढलेला असताना तोच पिळणं म्हणजे बरणी सरळ रेषेत ओढत ओढत तिचं झाकण फिरवणं. झाकण फिरतं, पण बरणी थोडी वाकडी जाते. पिळताना हात नकळत बाजूलाही कलतो, यॉ मागितला की सोबत चिमूटभर रोल फुकट मिळतो, आणि नेम हुकतो. तासाभरानं मनगटाची आतली शीर बोलायला लागते ते वेगळंच. यॉ पायांकडे दिला की हातात फक्त पिच आणि रोल उरतात. हात शांत होतो. बऱ्याच जॉयस्टिकना पिळणं बंद करायची खीळ असते ती याचसाठी.

पायांना यॉच द्यायचा की रोल, यावर खेळाडूंमध्ये एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. पाय ताकदवान आहेत, पण अंमळ मंद. बारीक, झटपट काम त्यांना जमत नाही. लांबवर, संथ दाबून धरणं उत्तम जमतं. म्हणून नेम धरायला लागणारे दोन अक्ष हातात असावेत आणि तिसरा पायात, हा साधा हिशोब. आता नेम कुठल्या दोन अक्षांनी धरायचा, ते खेळावर अवलंबून.

एलिट डेंजरस या अंतराळयानाच्या खेळाचंच घ्या. याचा पूर्वज, १९८४ सालचा मूळ एलिट, बीबीसी मायक्रो संगणकावर आला तेव्हा त्यात यॉ नव्हताच. यान रोल व्हायचं आणि पिच व्हायचं, बस. डावीकडे बघायचं तर आधी कलायचं, मग नाक उचलायचं. २०१४ च्या नव्या एलिटमध्ये यॉ आला, पण मुद्दाम अशक्त ठेवलेला. पिचच्या तुलनेत नाक बाजूला फारच हळू फिरतं. म्हणजे लढाईत वळण रोल आणि पिचनंच मारायचं, जुन्या पंख्याच्या लढाऊ विमानांसारखं, आणि यॉ फक्त शेवटच्या दोन बोटांच्या दुरुस्तीला. हे काम पायांसाठी जणू बेतलेलं आहे. ज्या खेळात यॉ जोरकस असतो, तिथे मात्र जॉयस्टिक डावी-उजवीकडे हलवल्यावर नाक तिकडे गेलेलं बरं, माउससारखं. मग रोल पायांकडे. मी दोन्ही करून पाहिलं. रोल पायात ठेवून पहिले चार दिवस मला अक्षरशः मळमळलं, पाचव्या दिवशी जमलं, आणि सहाव्या दिवशी मी यॉवर परतलो. सवयीपुढे इलाज नाही.

आता खरी गोम. खेळातला संगणक तुम्हाला मदत करत असतो की नाही, यावर पेडलाचा अर्थच बदलतो. एलिटमध्ये याला फ्लाइट असिस्ट म्हणतात; स्टार सिटिझन या दुसऱ्या खेळातही कपल्ड (मदत चालू) आणि डीकपल्ड (मदत बंद) असे दोन प्रकार आहेत, त्यांच्यातलं नेमकं काम थोडं वेगळं. असिस्ट चालू असताना पेडल अर्धं दाबलं की यान अर्ध्या वेगानं फिरतं. पाय उचलला की थांबतं. सरळ हिशोब. पण अवकाशात आपोआप थांबणं नसतंच. पाय उचलल्यावर संगणक गुपचूप उलट बाजूचे थ्रस्टर पेटवून फिरणं मारतो. असिस्ट बंद केला की हा नोकर निघून जातो. मग पेडल म्हणजे फिरण्याचा वेग न राहता फिरण्याला दिलेला ढोस होतो. एकदा दाबलं, सोडलं, यान फिरतच राहिलं, लाकडी भोवऱ्यासारखं, फक्त त्याला थकवणारी जमीन नाही. थांबवायचं तर तेवढाच ढोस उलट पायानं. नवखा माणूस इथे घाबरून उलट पेडल पूर्ण दाबतो, यान तिकडे फिरायला लागतं, मग पुन्हा हा पाय, पुन्हा तो. उपाय एकच: लहान दाब, थांबा, बघा, लहान उलट दाब. पाय मंद असल्याचा इथे चक्क फायदा होतो. मनगट जितकी घाई करतं तितकी पाय करत नाही.

पहिल्या दिवशी आणखी एक घोटाळा हमखास होतो. सायकलच्या हँडलची डावी मूठ पुढे ढकलली तर चाक उजवीकडे वळतं. पेडलाचं उलट आहे: डावा पाय पुढे, नाक डावीकडे. जन्मभर सायकल चालवलेल्या माणसाचा मेंदू याला आठवडाभर विरोध करतो. गंमत म्हणजे राइट बंधूंचा धंदाच सायकलींचा होता. खेळात दिशा उलटी करायची सोय असते, पण ती वापरू नका. उद्या विमानाचा सिम्युलेटर घेतलात तर सगळं पुन्हा शिकावं लागेल.

वस्तू घेताना काय बघायचं? पहिलं, मधली खाच. अनेक पेडलं मधोमध आली की "टक्" करून बसतात. विमानात ते चालतं, अवकाशात नाही, कारण आपलं सगळं बारीक काम मध्याच्या आसपासच असतं. त्या खाचेतून बाहेर यायला जोर लावला की पाय गरजेपेक्षा पुढे जातो. शिवाय रात्री दीड वाजता ती टकटक खालच्या मजल्यावर जाते. आमच्या खालच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, घरी टायपिंगचं काम घेता का म्हणून. दुसरं, दोन पाट्यांमधलं अंतर. स्वस्त संचात पाय इतके जवळ येतात की गुडघे चिकटून बसावं लागतं. तिसरं, आतला संवेदक. जुन्या पद्धतीचा घासणारा पोटेन्शियोमीटर धुळीनं आणि झिजून काही वर्षांत थरथरायला लागतो. हॉल संवेदक चुंबकावर चालतो, घासत नाही. एडविन हॉल यांनी तो परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि आज तो आपल्या टेबलाखाली आहे.

टो-ब्रेक, म्हणजे पाटीचं टोक पंजानं वेगळं दाबता येणं, विमानासाठी आवश्यक, अवकाशात हौस. व्हीकेबीच्या टी-रडरमध्ये ते नाहीतच, आणि केवळ अंतराळच खेळणाऱ्याला तो साधा आकार पुरतो. क्रोएशियाचं एमएफजी क्रॉसविंड भक्कम, लॉजिटेकचा संच मूळचा सायटेकचा, थ्रस्टमास्टरचा टीएफआरपी सुरुवातीला अनेक जण घेतात. जुना रेसिंगचा स्टिअरिंग संच धूळ खात पडला असेल तर त्याआधी एक फुकट प्रयोग करा. त्याचे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हे दोन एकतर्फी अक्ष एकत्र करून एक दुतर्फी अक्ष बनवता येतो. काही संचांच्या सॉफ्टवेअरमध्येच ती सोय असते, नाहीतर व्हीजॉय आणि जॉयस्टिक ग्रेमलिन ही मोफत साधनं आहेत. खऱ्या पेडलांची मजा येणार नाही, पण आपले पाय या कामाला तयार आहेत का, ते कळेल.

टो-ब्रेक असतील तर त्यांनाही जुंपा. एलिटमध्ये ग्रहावर उतरून गाडी चालवता येते, तिला वेग आणि ब्रेक द्यायला ते झकास. पण बटणं नेमून देताना एक त्रास होतो: खेळ म्हणतो "आता यॉचा अक्ष हलवा", तुम्ही पेडल ढकलता, पंजा किंचित दबतो आणि खेळ टो-ब्रेकच पकडून बसतो. तेवढ्यापुरता पाय खाली घेऊन पाटी टाचेच्या बाजूनं ढकलायची. आणि पहिल्यांदा खेळाआधी विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) लिहून उघडणाऱ्या पटलावर प्रत्येक अक्ष नीट हलतोय का ते बघायचं. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा बधिर पट्टा, हातापेक्षा पायाला जास्त द्या. पाय नुसता ठेवला तरी त्याचं वजन असतं, आणि दोन पायांचं वजन कधी अगदी सारखं पडत नाही. मी जॉयस्टिकला जेमतेम २ टक्के ठेवतो आणि पेडलांना ६. पाय किती दाबला आणि यान किती फिरलं याचा वक्र थोडा मऊ, म्हणजे सुरुवातीला हळू आणि शेवटी जोरात.

आता ज्या गोष्टीबद्दल पेटीवर कोणी लिहीत नाही, ती खुर्ची. ऑफिसची चाकांची खुर्ची, गुळगुळीत लादी, आणि तुम्ही जिवाच्या आकांतानं उजवं पेडल दाबता. न्यूटनचा तिसरा नियम लगेच हजर. यान वळायच्या आत तुम्हीच मागे जाता. माझी खुर्ची पहिल्याच आठवड्यात मागच्या कपाटाला धडकली आणि वरचा फराळाचा डबा खाली आला. उपाय अनेक: चाकांखाली रबरी वाट्या, जुन्या बुटांत चाकं बसवणं, पेडल आणि खुर्चीचा पाय यांना एकमेकांशी जाड पट्ट्यानं बांधणं. शेवटचा सगळ्यात चांगला, कारण ढकलणारा आणि ढकलला जाणारा एकाच दोरीत येतात. पेडलं स्वतःही पुढे सरकतात. त्यांच्यामागे भिंतीपर्यंत एक फळी अडकवली की काम झालं.

परदेशी माणूस बूट घालून पेडलं वापरतो. आपण घरात अनवाणी. पातळ लोखंडी कड तळपायाला टोचते, घामानं पाय सरकतो. पण अनवाणी पायाला जेवढं कळतं तेवढं बुटाला कळत नाही. मी पाट्यांवर जुन्या योगा मॅटचे तुकडे चिकटवले. टाचा जमिनीवर टेकवा, पाय घोट्यातून हलवा. मांडीनं ढकलायला लागलात की बारकावा गेलाच. महिन्यातून एकदा पाट्या सरकतात त्या रुळांवरचे केस आणि धूळ काढा.

सरावाला लढाई नको. स्थानकात शिरा, उतरायच्या धक्क्यावर या, चाकं बाहेर काढा, आणि जॉयस्टिकला हात न लावता फक्त पायांनी नाक धक्क्यावरच्या खुणेशी जुळवा. एलिटमध्ये चाकं बाहेर असतानाची बटणं वेगळी नेमता येतात, तेव्हा ही मांडणी लढाईपेक्षा निराळी ठेवली तरी चालते. दहा वेळा नीट उतरलात की मग असिस्ट बंद करून तेच.

काकांना मी खुर्चीत बसवलंच शेवटी. समोर स्थानक, यान स्थिर. त्यांनी दोन्ही पाय पाट्यांवर ठेवले आणि आयुष्यभराच्या सवयीनं पायमशीन मारायला सुरुवात केली, डावा, उजवा, डावा, उजवा. यानानं स्थानकाकडे बघत सावकाश मान हलवली: नाही, नाही, नाही.